घाट चढताना गाडी तापते, सपाटीला एकदम नॉर्मल. हेड खोलायचं का?

कृष्णाकाठ (वाई)
नमस्कार मंडळी. गाडी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, सेकंडहँड घेतलेली, एक लाख किलोमीटरच्या वर चाललीये. मी वाईला राहते आणि नोकरी पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट रोजचाच. मार्चपासून असं व्हायला लागलंय की सुरुवातीच्या वळणांना काटा मध्यावर असतो, मग अर्धा घाट व्हायच्या आत वर सरकायला लागतो आणि एसी चालू असेल तर लाल रेघेजवळ जातो. एसी बंद करून हळू नेली तर कशीबशी वर पोचते. पाचगणीत सपाटीला लागलं की थोड्या वेळात काटा परत जागेवर. साताऱ्याकडे हायवेला कितीही चालवा काही होत नाही, वाईच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तरी नाही.

एका गॅरेजला दाखवली तर त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिनचं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढूनच टाकला, म्हणाले आपल्याकडे हवा गरमच असते याची गरज नाही, आणि हिरवं कूलंट भरून दिलं. थोडे दिवस बरं वाटलं, आता परत तेच, उलट घाटात आधीपेक्षा लवकर तापते असं वाटतंय. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून नुसतं बघितलं आणि सांगितलं हेड गास्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेली, हेड खोलावं लागेल, गाडी सोडून जा. घरात गाडी ही एकच, सासऱ्यांना तपासणीला साताऱ्याला न्यायचं असतं, त्यामुळे एवढा खर्च आणि गाडी बंद ठेवणं याच्याआधी नक्की तेच झालंय का हे कसं ओळखायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

अकोलेकर
ताई आधी फॅन बघा. आमच्या इकडं मे महिन्यात ४५ डिग्री असते, माझ्या गाडीच्या फॅनचं कनेक्टर वितळलं होतं, फॅन कधी फिरायचा कधी नाही. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो, बोनेट उघडून कोणाला तरी एसी लावायला सांगा आणि बघा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर.

रानवारा
तोपर्यंत घाटात काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनातली बरीच उष्णता ओढून घेतो. तरी काटा चढतच राहिला तर बाजूला घ्या, ओढत नेऊ नका.

सातारा_गॅरेज
ताई, गडबड करू नका, हेड अजिबात खोलायला देऊ नका अजून. माझं स्वतःचं गॅरेज आहे म्हणून सांगतो, तापणाऱ्या गाडीचं निम्मं निदान गाडी कधी तापते याच्यातच असतं आणि तुम्ही ते व्यवस्थित लिहिलंय. बरीच गिऱ्हाईकं नुसतं "गाडी तापते" म्हणून चावी देऊन जातात आणि मग आम्ही एकेक पार्ट बदलत बसतो, त्यात त्यांचे पैसे जातात.

आता बघा. उभ्या गाडीत, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की उतरते, म्हणजे हवा मिळत नाही, तिथं फॅन, रिले, सेन्सर बघायचा. अकोल्याच्या दादांनी सांगितलं ते त्या केसला बरोबर आहे, पण तुमची ट्रॅफिकमध्ये तापत नाही म्हणजे फॅन बहुतेक ठीक आहे, तरी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम. लोड आल्यावर तापते, म्हणजे घाट, माणसं भरलेली, एसी चालू, तर इंजिन जेवढी उष्णता टाकतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. मग रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक, वॉटर पंपाचा पंखा झिजलेला, कॅप प्रेशर धरत नाही, किंवा हो, हेड गास्केटसुद्धा. गास्केट त्या यादीत आहे हे खरं, पण शेवटी, कारण तिची तपासणी हेड न खोलता होते. आणि सुरू केल्या केल्या पाच मिनिटांत तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला किंवा पाणीच नाही. तुमचा तर थर्मोस्टॅटच नाही.

मला एवढं सांगा. सकाळी गार इंजिनवर रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतली लेव्हल किती असते, रेडिएटरची कॅप उघडल्यावर आत पाणी काठापर्यंत दिसतं का, रेडिएटरचा वरचा आणि खालचा रबरी पाइप सकाळी कसा दिसतो, ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ आहे का, सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोडसर वास येतो का. आणि गाडीला सीएनजी किट आहे का. कॅप फक्त सकाळी, गाडी रात्रभर उभी असल्यावरच उघडायची. हे मी प्रत्येकाला सांगतो.

मेकॅनिकल_मनुष्य
कॅपबद्दल दादांनी सांगितलं ते कोणी हलक्यात घेऊ नका. त्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० ला न उकळता १२० च्या आसपास उकळतं. गरम इंजिनवर कॅप फिरवली की दाब एकदम जातो आणि ११० अंशाचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर, हातावर येतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा हात कोपरापर्यंत भाजला होता, कित्येक महिने ड्रेसिंग चाललं.

आणि ताई, तुमच्या बाबतीत उंचीचा भाग पण आहे. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, तिथं उघडं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. म्हणजे कॅप दाब धरत नसेल तर खाली वाईत जे चालून जातं ते वर जाईपर्यंत उकळायला लागतं, आणि इंजिनवर सगळ्यात जास्त लोडही तेव्हाच असतो.

दुसरं, थर्मोस्टॅट काढण्याबद्दल. हे आपल्याकडे सर्रास करतात आणि मला याचा मनापासून राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते, साधारण ८२ ला ते मेण पातळ होऊन फुगायला लागतं, झडप उघडते, ९५ पर्यंत पूर्ण उघडते. पण बऱ्याच इंजिनांत त्याच थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला अजून एक चकती असते, ती पुढची झडप उघडली की मागचा बायपास बंद करते. बायपास म्हणजे रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरणारा रस्ता. थर्मोस्टॅट काढून टाकला की हा बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात येतो. सपाटीला गाडी जास्तच गार चालते म्हणून लोकांना वाटतं काम झालं, आणि घाटात, जिथं रेडिएटरला सगळं पाणी मिळायला हवं तिथं नेमकं कमी मिळतं. तुम्ही लिहिलंय की काढल्यावर घाटात जास्त लवकर तापते, ते याच्याशी जुळतंय. शिवाय इंजिन गार राहिलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून वॉर्म-अप झालेलं नाही, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं, ऑइल खराब होतं.

जुना_ड्रायव्हर
मी आयुष्यभर ट्रक चालवला. खंबाटकी, बोरघाट, कशेडी, सगळे घाट. आमच्या गाड्यांना थर्मोस्टॅट नसायचा, साधं पाणी भरायचो, घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर पाण्याचे डबे ठेवलेले असायचे. इंजिन कधी बसलं नाही. हे कूलंट वगैरे कंपन्यांचा धंदा आहे असं मला वाटतं.

सातारा_गॅरेज
काका, तुम्ही चालवलेल्या गाड्यांवर माझे वडील काम करायचे, त्या गाड्या तशाच चालायच्या हे खरं आहे. पण त्यांचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचं, जाडजूड, थोडं तापलं तरी सहन करायचं. आताच्या छोट्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, बऱ्याच गाड्यांचा ब्लॉक पण. ॲल्युमिनियम तापल्यावर जास्त फुगतं आणि एकदा नीट तापलं की वाकतं. साध्या पाण्यानं ते आतून खातं पण. म्हणून पूर्वीचं सगळं चुकीचं असं नाही, पण ते आताच्या इंजिनला लावून चालत नाही. आणि एक विनंती सगळ्यांना, तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनवर गार पाणी ओतू नका. हेडला चीर जाते.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, आज सकाळी नवऱ्याला घेऊन सगळं बघितलं. फॅन एसी लावल्यावर लगेच फिरतो. ऑइल स्वच्छ, काळपट पण दुधाळ नाही. पांढरा धूर नाही, वास नाही. बाटली मात्र जवळजवळ मॅक्सच्या वर भरलेली आणि रेडिएटरची कॅप उघडली तर आत पाणी दिसलंच नाही, बोट घातलं तर दोन इंच खाली लागलं. आणि वरचा रबरी पाइप चपटा झालेला होता, कोणीतरी चिमटीत दाबून धरावा तसा, कॅप उघडल्यावर फुस्स आवाज येऊन परत गोल झाला! आणि हो, सीएनजी किट आहे, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेलं.

सातारा_गॅरेज
ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. कॅप गेलीये. रेडिएटरच्या कॅपमध्ये दोन झडपा असतात. गरम झाल्यावर पाणी फुगतं तेव्हा मोठी झडप ठरलेल्या दाबाला उघडून जादा पाणी बाटलीत सोडते. गार झाल्यावर आत व्हॅक्यूम होतो तेव्हा मधली छोटी झडप उघडून तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेते. तुमची छोटी झडप जाम आहे, त्यामुळं पाणी बाहेर जातं पण परत येत नाही, म्हणून बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा आणि पाइप चपटा. नुसती बाटली बघणाऱ्याला वाटणार पाणी भरपूर आहे. रोज घाटात थोडं थोडं बाहेर जातंय. तेवढीच कॅप घ्या, त्याच आकड्याची, जास्त आकड्याची घालू नका, नाहीतर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटते.

पण एकट्या कॅपनं एवढी गाडी तापेल असं मला वाटत नाही. अजून दोन गोष्टी करून घ्या. एक, गास्केटची शंका कायमची मिटवायची. गार इंजिनवर कॅप काढून ठेवायची, पाणी भरायचं आणि गाडी सुरू करायची. हवा अडकलेली असेल तर थोडे बुडबुडे येऊन थांबतात. गास्केट गेलेली असेल तर इंजिनच्या ठेक्यात सतत येत राहतात, ॲक्सिलरेटर दिला की वाढतात. त्याहून पक्कं म्हणजे ब्लॉक टेस्ट, निळ्या रंगाचं केमिकल असतं, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. नळीत पाणी जाऊ नये म्हणून आधी लेव्हल थोडी कमी करतात. साताऱ्यात करून मिळते.

दुसरं, रेडिएटरचं तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटर असतो बंदुकीसारखा, गाडी गरम करून, फॅन चालू असताना रेडिएटरच्या जाळीवर एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत नेम धरत जायचं. पाणी जिथून आत येतं तिथं ९० च्या वर आणि बाहेर पडतं तिथं आठ-दहा अंश कमी, असं हळूहळू उतरत जायला पाहिजे. मध्येच कुठं एकदम गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या चोक झाल्यात, तिथून पाणी जातच नाही.

पिंपरीकर_सीएनजी
सीएनजीवाल्यांसाठी महत्त्वाचं. सिलिंडरमधला गॅस भरपूर दाबाचा असतो, तो रिड्यूसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणारा भाग) फुगतो तेव्हा प्रचंड गार होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनच्या गरम पाण्याच्या लाइनी जोडलेल्या असतात, हीटरच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) मारून. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये या टी प्लास्टिकच्या असतात, क्लिपा साध्या, काही वर्षांत तिथून झिरपायला लागतं, आणि इंजिन गरम असताना झिरपलेलं लगेच वाळून जातं म्हणून खाली थेंब दिसत नाही. टीच्या आजूबाजूला हिरवट पांढरे डाग आहेत का बघा. दुसरं म्हणजे रिड्यूसर वर कुठेतरी बसवला असेल तर त्याच्यात हवा अडकते. गॅरेजने कूलंट बदलताना ती हवा काढली नसेल तर गाडी तापणारच.

मिशिगनकर
इथे डेट्रॉइटच्या जवळ राहतो, इथे कूलंटकडे लोक उलट्या कारणासाठी बघतात, पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून. अर्धं ग्लायकॉल अर्धं पाणी असलं तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण तेच मिश्रण उकळतंही साध्या पाण्यापेक्षा उशिरा आणि धातूला गंजू देत नाही, म्हणून महाराष्ट्रातही ते हवंच. फक्त रंगावर जाऊ नका, हिरवा, गुलाबी, निळा हा प्रत्येक कंपनीचा आपापला, त्यावरून आत कुठलं रसायन आहे ते कळत नाही, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका, काही वेळा आत गाळ धरतो. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात अजून पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. आणि सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते चवीला गोड असतं, कुत्रीमांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते. लहान मुलांच्या हाताला डबा लागू देऊ नका.

मांडवीतीर (पणजी)
आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळीची पातळ पानं गळून जातात, हात लावला तरी चुरा पडतो. नळ्या चांगल्या असतात, पाणी फिरतं, पण उष्णता हवेला देणारी पानंच नसतात. कोकण-गोव्यातली सेकंडहँड गाडी घेताय तर हे नक्की बघा.

नगरकर_७
माझ्या गाडीची हेड गास्केट बदलली, सहा महिन्यांत परत गेली, परत बदलली, आता परत बुडबुडे. गॅरेजवाला म्हणतो गास्केटच खराब निघाली. असं होतं का?

सातारा_गॅरेज
दादा, गास्केट खराब निघणं क्वचित. बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक राहिलेली असते. हेड काढल्यावर सरळ पट्टी लावून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) घालून बघायचं असतं हेड वाकलंय का. बहुतेक छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते, म्हणजे डोळ्याला काही दिसणार नाही. वाकलेलं हेड फेसिंग (मशीनवर घासून सपाट) न करता बसवलं की नवी गास्केट टिकतच नाही. ब्लॉकचा पृष्ठभाग पण बघावा लागतो, तो बरेच जण बघत नाहीत. दुसरं, बोल्ट. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट ताणून बसणारे असतात, एकदा काढले की नवेच घालायचे. ते मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं आवळायचे, आणि काढताना उलट, बाहेरून मध्ये. अंदाजानं पाना मारून हे काम होत नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गास्केट गेली कशामुळं? गाडी तापली म्हणून गेली. तापायचं कारण तसंच असेल तर चौथी गास्केट पण जाणार. तुम्ही पण रेडिएटर आणि पंप तपासून घ्या. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर पंपाचा सील गेला.

कृष्णाकाठ
अपडेट. साताऱ्याला एका ठिकाणी ब्लॉक टेस्ट करून घेतली, बराच वेळ इंजिन चालवून, मध्ये मध्ये रेस देऊन, निळं ते निळंच राहिलं. मी समोर उभी राहून बघितलं. किती बरं वाटलं सांगता येणार नाही. गास्केट शाबूत आहे!

मग इन्फ्रारेडने रेडिएटर बघितला. आत येणाऱ्या बाजूला ९३, बाजूने जाताना ९० च्या आसपास, आणि खालच्या साधारण तिसऱ्या हिश्शात एकदम ५२, ५५, ४९. म्हणजे तेवढा भाग चोकच. रेडिएटर बाहेर काढला तर दोन गोष्टी दिसल्या. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, गवताच्या काड्या, किडे यांचा जाड थर, समोरून बघितलं तर काहीच कळत नव्हतं कारण पुढे कंडेन्सर स्वच्छ दिसतो. आणि पाइप जोडायच्या तोंडातून टॉर्च मारली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट पिवळा खडा, बाथरूमच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसा. गाडीच्या जुन्या कागदांत आधीच्या मालकाचा पत्ता माण तालुक्याकडचा आहे, तिकडे बोअरचंच पाणी, तेच वर्षानुवर्षं भरलं असणार असं तिथले काका म्हणाले.

आता प्रश्न असा की रेडिएटर साफ करून घेऊ की नवा? एक जण ॲसिडने साफ करून देतो म्हणतोय.

मेकॅनिकल_मनुष्य
नवा घ्या. पूर्वीचे पितळ-तांब्याचे रेडिएटर असायचे, टाकी झाळ सोडवून उघडायची, नळ्यांतून सळई घालून साफ करायचे आणि परत झाळायचे. आताचा ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या आणि कडा दुमडून बसवलेल्या, तो उघडून नीट साफ होत नाही. जोरदार ॲसिडने क्षाराबरोबर ॲल्युमिनियमपण खाल्लं जातं, आणि पातळ नळीला भोक पडलं तर घाटात सगळं पाणी जाईल. तिसरा हिस्सा बंद असलेला रेडिएटर सपाटीला पुरतो कारण तिथे इंजिनला फार ताकद लावावी लागत नाही. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला मिळते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि तेवढीच पाण्यातून रेडिएटरला टाकावी लागते. घाटात पेट्रोल दुप्पट-तिप्पट जळतं म्हणजे रेडिएटरवरचा भारही तेवढाच वाढतो, आणि वेग कमी म्हणून समोरून हवाही कमी. म्हणून तुमचा प्रॉब्लेम फक्त पसरणी घाटात दिसत होता.

सातारा_गॅरेज
बरोबर आहे, नवाच. आणि त्याच्याबरोबर थर्मोस्टॅट परत बसवून घ्या, नवा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या डिग्रीचा, आकडा त्याच्या अंगावर मारलेला असतो. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला लटकवून तापवून बघा, सोबत थर्मामीटर ठेवा, ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. पाच मिनिटं जातात पण नवा पार्ट पण कधी कधी खराब निघतो. इंजिनमधलं पाणी आधी स्वच्छ निघेपर्यंत डिस्टिल्डनं धुवून घ्या, नाहीतर ब्लॉकमधला सुटा क्षार नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसेल.

हवा काढायचं काम घाईत करू देऊ नका. गाडीचं तोंड चढाला करून उभी करायची, म्हणजे रेडिएटरची कॅप सगळ्यात उंच येते. हीटर फुल गरमवर. बारीक धारेनं भरायचं. रिड्यूसरचा वरचा पाइप जरा सैल करून हवा जाऊन सलग धार आली की आवळायचा, आणि हे इंजिन गार असतानाच. मग सुरू करून रबरी पाइप हातानं दाबत राहायचं, बुडबुडे येतील, लेव्हल उतरेल, भरत राहायचं, पाणी फुगून वर यायला लागलं की कॅप लावायची. फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवायची. आत हीटरची हवा चांगली गरम आली पाहिजे, गार आली तर अजून हवा अडकलीये. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेव्हल.

अकोलेकर
आणि एक ओबीडी डोंगल घ्या ताई, ब्लूटूथवाला, गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावतात तो. गाडीतला काटा बहुतेक गाड्यांत मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवलेला असतो, ८० काय आणि १०० काय, तो हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. मोबाइलवर खरा आकडा दिसतो.

कृष्णाकाठ
झालं काम! नवा रेडिएटर, नवी १.१ ची कॅप, नवा थर्मोस्टॅट. पातेल्यात तापवून बघितला, घरातली मुलं भोवती उभी होती, ८३ ला हळूच उघडायला लागला, बघायला फार छान वाटतं. रिड्यूसरची एक टी खरंच झिरपत होती, पिंपरीच्या दादांनी सांगितलं तसेच डाग होते, ती बदलून चांगल्या क्लिपा लावल्या. हवा काढताना रिड्यूसरच्या पाइपमधून बराच वेळ फसफसत होतं.

डोंगल लावून भर दुपारी घाट चढले, चार माणसं, एसी चालू. वाईतून निघताना ९१. घाटात ९४ ते ९८ च्या मध्ये, एका वळणाला पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे अडकल्यावर १०१ झालं, फॅन जोरात लागला आणि थोड्या वेळात ९६ वर आलं. पाचगणीत ९०. सकाळी कॅप उघडली तर पाणी काठापर्यंत, पाइप गोल, बाटली मिनिमम आणि मॅक्सच्या मध्ये. सगळं मिळून हेडच्या कामाच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला. तुम्ही सगळ्यांनी ओळख ना पाळख एवढा वेळ काढून लिहिलंत, सासूबाईंनी पण निरोप दिलाय की सगळ्यांना आशीर्वाद सांग.

जुना_ड्रायव्हर
चांगलं झालं पोरी. घाटात ट्रॅक्टरमागे तिसऱ्यात गाडी रेटू नकोस, दुसऱ्यात टाक. इंजिन मोकळं फिरलं की पंप पण जोरात फिरतो आणि पाणी जास्त खेळतं. हे जुन्या गाडीला आणि नव्या गाडीला सारखंच.

रानवारा
माझ्या गाडीला काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. लाल दिव्यावर विसंबून राहणं कितपत बरोबर?

सातारा_गॅरेज
दिवा लाल झाला म्हणजे लगेच सुरक्षित जागी थांबायचं, पुढचा ढाबा, पुढचं गाव असं करायचं नाही. पण एका गोष्टीत दिवा आणि काटा दोन्ही फसवतात. पाइप फुटून पाणी एकदम निघून गेलं तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो, मग इंजिन जळत असताना सुद्धा आकडा कमी दाखवतो. म्हणून गाडी चालवताना हीटरची हवा अचानक गार आली, गोड वास आला, किंवा ओढ कमी होऊन टकटक आवाज यायला लागला तर दिव्याची वाट बघू नका, इंजिन बंद करा. आणि महिन्यातून एकदा सकाळी, गार असताना, बाटली आणि कॅपखालची लेव्हल दोन्ही बघा. तुमचे पाइप किती वर्षांचे आहेत? दाबल्यावर कडक लागत असतील किंवा क्लिपेपाशी भेगा असतील तर पावसाळ्याआधी बदलून घ्या, वरचा, खालचा आणि हीटरचे दोन्ही.